लोअर आर्मचे बुश वारंवार जातायत? स्फेरिकल बेअरिंग बसवण्याआधी आणि बसवल्यावर काय तपासायचं

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून 'खट' होतं, जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात किंचित वळवळतं आणि टायरची आतली कड खाल्ली जाते. गाडी लिफ्टवर चढते, मेकॅनिक टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म हलवतो आणि सांगतो, "साहेब, लोअर आर्मचे बुश गेलेत." लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबर भरलेल्या नळ्या. बुश बदलतात, अलाइनमेंट होतं, गाडी गप्प होते. एक पावसाळा उलटला की तोच आवाज परत. असं दोन-तीनदा झालं की कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "रबर काढून टाक आणि स्फेरिकल बेअरिंग टाक. कायमची कटकट जाईल."

रोजच्या गाडीत आवाज घालवायचा म्हणून रबराच्या जागी स्फेरिकल बेअरिंग, म्हणजे कड्यात फिरणारा पोलादी गोळा, बसवणं म्हणजे चुकीच्या दुखण्यावर महागडं औषध, असं माझं स्पष्ट मत आहे. रबर ज्या कारणाने फाटत होतं ते कारण तसंच राहिलं, तर बेअरिंगही त्याच कारणाने जातं. शिवाय रबर फाटताना हळूहळू कुरकुरतं. लोखंड एकदम ठोकायला लागतं. स्टिअरिंग नेमकं हवं, ब्रेकखाली चाक जागेवरून हलू नये, गाडी ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानातल्या शर्यतीला) पळवायची आहे आणि दर काही दिवसांनी खाली वाकून बघायची तयारी आहे, अशांसाठी बेअरिंग उत्तम. दोन्ही प्रकारच्या मालकांना उपयोग व्हावा म्हणून आधी रबराचं निदान आणि मग बेअरिंगचं बघू.

पुढचं सगळं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि खाली एल आकाराचा आर्म असलेल्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान यात येतात. चॅसिसवर बांधलेल्या मोठ्या एसयूव्हींमधलं डबल विशबोन (चाकाला वर एक आणि खाली एक आर्म) वेगळं असतं, तिथली गणितं इथे लावू नका.

मागचाच बुश आधी का जातो

एल आर्मला तीन टोकं असतात. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या बाजूला पुढे एक बुश आणि मागे एक बुश. पुढचा बुश साधारण बॉल जॉइंटच्या रेषेत असतो आणि कडक असतो. वळणावरचा आडवा भार मुख्यतः तो घेतो. मागचा मोठा आणि मऊ असतो, बऱ्याचदा त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ खाचा ठेवलेल्या असतात. ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ओढतो, आर्म पुढच्या बुशभोवती किंचित फिरतो आणि त्याचं मागचं टोक आतल्या बाजूला दाबलं जातं. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटतं तेव्हाही तेच होतं. तो धक्का गिळण्यासाठीच मागचा बुश मऊ ठेवलेला असतो.

अंदाज यावा म्हणून आकडे मांडतो. माणसांसकट ११०० किलोची गाडी, ०.८ जी इतका जोराचा ब्रेक आणि त्यातला तीन चतुर्थांश भार पुढच्या चाकांवर असं धरलं, तर एका चाकाला रस्ता सुमारे ३२०० न्यूटन बलाने मागे ओढतो. स्ट्रट वर माउंटला अडकलेला असल्यामुळे खालच्या बॉल जॉइंटवर त्याहून जास्त, साधारण १.३ पट बल येतं. आर्म ३५० मिलिमीटर लांब आणि दोन बुशांतलं अंतर २५० मिलिमीटर असेल तर मागच्या बुशवर सहा हजार न्यूटनच्या आसपास, म्हणजे सहाशे किलोचा दाब येतो. तोही गुळगुळीत रस्त्यावर. ब्रेक दाबलेला असतानाच चाक खड्ड्यात गेलं तर याच्या वर जातो. स्पीडब्रेकरवर चढेपर्यंत ब्रेक दाबून ठेवायची सवय ज्यांना आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ब्रेक आधी मारा आणि चाक चढायच्या आत सोडा. बुशचं आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आधी आवाज नक्की कुठला ते ठरवा

'बुश गेले' हे निदान फार सहज केलं जातं, कारण टॉमी घालून जोर लावला की चांगला बुशही हलतो. तो हलण्यासाठीच बनवलेला आहे. बघायचं ते रबर मधल्या किंवा बाहेरच्या लोखंडी नळीपासून सुटलंय का. टॉमीने ताणल्यावर फट उघडते का, नळी खाचेच्या भिंतीवर जाऊन आपटते का, ते पाहा. रबरावरच्या बारीक भेगा म्हणजे बुश गेला असं होत नाही.

लिफ्टवर जायच्या आधी रस्त्यावर करायच्या काही चाचण्या आहेत. खडबडीत गल्लीतून पंधरा-वीसच्या वेगाने जाताना ब्रेक पेडलला हलकाच पाय लावा. खडखड लगेच थांबली तर आवाज कॅलिपरच्या पिनांचा किंवा ब्रेक पॅडचा आहे, आर्मचा नाही. त्यानंतर गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये अगदी हळू सरकू द्या आणि ब्रेक दाबा. मग उलट्या दिशेला सरकवून पुन्हा दाबा. दिशा बदलल्यावर पहिल्या ब्रेकला एकच ठोस 'खट' आला तर मागचा बुश किंवा सबफ्रेमचे (ज्या लोखंडी चौकटीला आर्म बांधलेले असतात तिचे) बोल्ट. आवाज ब्रेकला येत नाही पण क्लच सोडताना येतो, तर इंजिनचं खालचं टॉर्क माउंट बघा. ते गेलेलं असताना बुश बदलून घेतलेल्या गाड्या भरपूर आहेत.

लिंक रॉडचा (गाडीचं झुकणं रोखणाऱ्या अँटी-रोल बारला जोडणाऱ्या बारीक सळईचा) आवाज बारीक आणि सतत असतो, विशेषतः एकच चाक खड्ड्यात गेल्यावर. खात्री करायची तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढा, तारेने नीट बांधून ठेवा आणि गल्लीतल्या गल्लीत हळू फिरा. आवाज गेला तर चोर सापडला. गाडी वळणात जास्त झुकेल, म्हणून ही चाचणी मोठ्या रस्त्यावर नको. टॉप माउंटसाठी (स्ट्रटच्या वरच्या टोकाच्या सांध्यासाठी) एकाने स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर तळहात ठेवायचा. स्प्रिंग अडकून एकदम सुटल्यासारखी उडी हाताला कळते. स्टिअरिंग रॅकसाठी टाय रॉडचं रबरी बूट मुठीत धरून चाक डावी-उजवीकडे हलवायचं.

सबफ्रेमचे बोल्ट मात्र जवळजवळ कोणीच तपासत नाही. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर आवाज सुरू झाला असेल तर पहिला संशय तिथेच घ्या. बोल्टच्या डोक्याभोवती घासल्याची चकचकीत खूण दिसली तर सबफ्रेम सरकतेय. अशा गाडीचं अलाइनमेंट दर वेळी वेगळं निघतं आणि बिचाऱ्या अलाइनमेंटवाल्याला शिव्या बसतात.

बुश खराब निघालाच, तर पुन्हा पुन्हा का जातो

सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे बोल्ट कुठल्या स्थितीत आवळला. आर्म वर-खाली होतो तेव्हा पुढच्या बुशमध्ये काहीही घसरत नाही. मधली नळी बोल्टने सबफ्रेमला घट्ट पकडलेली असते, बाहेरची आर्ममध्ये ठोकून बसलेली असते आणि मधलं रबर पिळलं जातं. म्हणजे बोल्ट ज्या क्षणी आवळला, त्या क्षणाची आर्मची स्थिती ही रबराची विसाव्याची स्थिती ठरते.

आता गॅरेजमध्ये काय होतं ते बघा. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत, आर्म पूर्ण खाली. तशातच बोल्ट गनने आवळला. लोंबकळता आर्म रस्त्यावरच्या स्थितीपेक्षा ८० मिलिमीटर खाली असेल, तर ३५० मिलिमीटरच्या आर्मला तो कोन सुमारे १३° होतो. गाडी जमिनीवर उतरवली की रबर कायमचं १३° पिळलेलं राहतं, पार्किंगमध्ये उभी असतानासुद्धा. वर चाक खड्ड्यातून ६०-७० मिलिमीटर उसळलं की आणखी ११° च्या आसपास भर पडते. दोन्ही दिशांना बारा-तेरा अंशांच्या हेलकाव्यासाठी असलेलं रबर एकाच दिशेला चोवीस अंश ताणलं जातं. ते फाटणारच. कंपनीचा अस्सल बुश असला तरी फाटतो. मग दोष पार्टवर जातो, दुकान बदललं जातं आणि पुढचा बुशही तसाच लोंबकळत आवळला जातो.

करायचं असं. काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नवा बुश बसला की बोल्ट फक्त टेकवून ठेवा. मग हबखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत उचला आणि शेवटचं आवळणं तिथे करा, टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला. अलाइनमेंटच्या रॅम्पवर गाडी चाकांवरच उभी असते, तिथे हे आणखी सोपं होतं. मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा: "दादा, शेवटचं आवळणं गाडी चाकांवर आल्यावर." कोणी नाक मुरडलं तर दुसरं गॅरेज बघा. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या ३ सिरीजमध्ये हाच नियम वेगळ्या रूपात दिसतो. तिथे आर्मचं षटकोनी टोक वंगण लावून मागच्या बुशमध्ये ढकलतात आणि वंगण सुकायच्या आत गाडी चाकांवर उभी करतात, कारण सुकल्यावर रबर त्या स्थितीतच आर्मला धरून बसतं.

मागचा बुश उभ्या अक्षाचा असेल, म्हणजे बोल्ट वरून खाली जात असेल, तर तिथे हा पिळाचा हिशोब तसाच लागू होत नाही. तिथे चुकतं ते दिशेचं. पोकळ खाचा कुठल्या बाजूला असाव्यात हे ठरलेलं असतं आणि बुशवर बाण किंवा खूण असते. जुना बुश काढण्याआधी आर्मवर मार्करने रेघ मारा. नव्वद अंश फिरवून बसलेला बुश जिथे मऊ हवा तिथे कडक होतो आणि जिथे कडक हवा तिथे लोळतो.

तिसरं कारण खास आपल्याकडचं: सर्व्हिसिंगनंतर गाडीखाली मारला जाणारा डिझेल-ऑइलचा फवारा. गंज लागू नये म्हणून मारतात, गाडी खालून चकाचक दिसते, मालक खूश. पण बुशमधलं नैसर्गिक रबर खनिज तेल शोषून फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडाला धरलेली पकड सोडतं. इंजिनच्या गळक्या ऑइल सीलखाली असलेल्या बाजूचाच बुश दर वेळी जात असेल तर कारण समोरच आहे. फवारा बंद करा, गळती आधी थांबवा, मग बुश टाका.

बाकीची कारणं थोडक्यात. शॉकअब्सॉर्बर मेलेला किंवा बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा) गळून पडलेला असेल तर आर्म शेवटच्या टोकापर्यंत जाऊन आपटतो. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये (समोरून दिसणाऱ्या चाकाच्या तिरकेपणात) ठळक फरक असेल तर आर्म किंवा सबफ्रेम वाकलेली असू शकते, आणि वाकलेल्या आर्ममधला बुश पहिल्या दिवसापासून तिरका काम करतो. हातोडा आणि सॉकेटने ठोकून बसवलेल्या बुशची बाहेरची नळी चेपलेली असते. प्रेसची सोय नसेल तर बुशसकट अख्खा आर्म घ्या. पैसे थोडे जास्त जातील पण काम नीट होईल.

रबराऐवजी मिळणाऱ्या पॉलियुरेथेनच्या कडक बुशबद्दल एवढंच. आडव्या अक्षाच्या पुढच्या बुशला, सिलिकॉन ग्रीस लावून आणि ते अधूनमधून पुन्हा भरून, चालतं. उभ्या अक्षाच्या मागच्या जागी ते तिरकं वाकायला नाखूश असतं आणि आर्मची हालचालच अडवतं. चुंई-चुंई आवाज हा त्याचा स्वभाव आहे.

तरीही स्फेरिकल बेअरिंगच हवं असेल तर

रचना साधी आहे. बाहेर एक कडं, आत पॉलिश केलेला पोलादी गोळा आणि गोळ्यातून आरपार भोक. गोळा कड्यात सगळ्या दिशांनी फिरतो पण जागेवरून सरकत नाही. आर्मला हवं ते फिरणं मिळतं आणि नको ते लोळणं बंद होतं. पोर्शेच्या ९११ जीटी३ आरएससारख्या गाडीत सस्पेन्शनला असे सांधे कारखान्यातूनच येतात, पण तिथे अख्खी गाडी त्या हिशोबाने बांधलेली असते. रॉड एंड आणि हे बेअरिंग यांची गल्लत मात्र करू नका. रॉड एंडला आट्यांचा दांडा असतो आणि त्यावर वाकवणारा भार आला की तो आट्यांच्या मुळाशी तुटतो. एल आर्मच्या बुशच्या जागी भोकात बसणारं बेअरिंगच हवं.

पहिली अडचण कोनाची, आणि घरगुती प्रयोग बहुतेक इथेच फसतात. बेअरिंगच्या दुकानात सहज मिळणारं जीई २० ईएस घ्या. आतलं भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५, गोळ्याची रुंदी १६, कड्याची १२. हे फक्त ९° तिरकं होऊ शकतं. मागच्या बुशचा बोल्ट आडवा, आर्मच्या फिरण्याच्या रेषेत असेल तर काळजी नाही, कारण आर्मचं वर-खाली होणं गोळ्याच्या स्वतःच्या अक्षाभोवती होतं आणि तिरकेपणा एखाद-दोन अंशच लागतो. पण बोल्ट उभा असेल तर वर काढलेले तेरा अंश सगळेच्या सगळे तिरकेपणात जातात. नऊ अंशांनंतर कड्याची धार स्पेसरवर (गोळ्याच्या दोन्ही बाजूंना बोल्टवर बसणाऱ्या कड्यावर) टेकते. त्यापुढे बेअरिंग फिरत नाही, बोल्ट वाकवतं. चाक लोंबकळलेलं असताना रोज असं वाकणं झालं की एक दिवस बोल्ट तुटतो किंवा सबफ्रेमचा कान (बोल्ट धरणारी पट्टी) फाटतो. उभ्या बोल्टसाठी रुंद गोळ्याची जीईएच मालिका बघा. त्याच २० मिलिमीटर भोकात तिथे १७° च्या आसपास मिळतात, पण बाहेरचा व्यास ४२ होतो. आर्ममध्ये तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. गाडी खाली बसवलेली असेल तर कोन शून्यापासून मोजू नका. आर्म उभ्या गाडीतच तिरका असतो.

दुसरी अडचण आतल्या मोकळीकीची. पोलादावर पोलाद घासणाऱ्या या बेअरिंगमध्ये नेहमीच्या वर्गात ०.०४० ते ०.०८२ मिलिमीटर मोकळीक नवीन असतानाच असते. औद्योगिक यंत्रात तिची कोणाला पर्वा नसते, पण गाडीच्या पत्र्याच्या पेटीत ती ऐकू येते. 'नवीन बेअरिंग टाकलं आणि पहिल्याच दिवशी टकटक' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. म्हणून टेफ्लॉनच्या अस्तराचं, दोन्ही बाजूंनी सील असलेलं बेअरिंग घ्या. त्यात ग्रीस भरायचं नसतं. ग्रीसने उलट धूळ चिकटते.

भारक्षमतेची चिंता करायचं कारण नाही. २० मिलिमीटरच्या पोलादी बेअरिंगची स्थिर भारक्षमता शंभर किलोन्यूटनच्या वर असते आणि आपण काढलेला ब्रेकचा भार सहा किलोन्यूटन आहे. बेअरिंग टिकतं. रबर जो धक्का गिळत होतं तो आता सबफ्रेमच्या कानावर, वेल्डिंगच्या शिवणीवर आणि स्टिअरिंग रॅकवर जातो. खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या गाडीत मी हे बसवायला सांगत नाही त्याचं खरं कारण हे आहे.

आर्मचं भोक आणि बेअरिंग यांच्यामध्ये बसणारी नळी, म्हणजे स्लीव्ह, लेथवर करून घ्यायची. भोसरी-चिंचवड, सातपूर किंवा कोल्हापूरच्या शिरोली भागात असं काम करणारे चांगले टर्नर मिळतात. त्यांना नमुन्याचं बेअरिंग हातात द्या, नुसतं माप तोंडी सांगू नका. स्लीव्ह आर्ममध्ये घट्ट प्रेस होईल आणि बेअरिंग स्लीव्हमध्ये हलक्या दाबाने बसेल असं ठेवा. बेअरिंगचं फिटिंग फार घट्ट झालं तर कडं आवळून गोळा जाम होतो, अस्तराच्या बेअरिंगमध्ये तर लगेच. एका बाजूला खांदा आणि दुसऱ्या बाजूला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) असावी. प्रेस करताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्या. या बेअरिंगच्या कड्याला बहुधा एका जागी चीर असते. ती चीर भाराच्या दिशेला काटकोनात ठेवा, म्हणजे बोल्ट उभा असेल तर पुढे किंवा मागे, आडवा असेल तर वर किंवा खाली, आत-बाहेर नाही. स्लीव्हला वेल्ड मारायचंच असेल तर बेअरिंग घालायच्या आधी. अस्तर वेल्डिंगची उष्णता सहन करत नाही. दाबून बनवलेल्या पातळ पत्र्याच्या आर्मवर वेल्ड नकोच.

गाडीचा बोल्ट १२ किंवा १४ मिलिमीटरचा आणि भोक २० चं, म्हणून दोन्ही बाजूंनी शंकूच्या आकाराचे स्पेसर लागतात. इथे साधं माइल्ड स्टील वापरू नका. १०.९ दर्जाचा एम १२ बोल्ट पूर्ण आवळला की ५५ किलोन्यूटनच्या आसपास आवळ देतो. २० बाहेर आणि १२ आत अशा कड्याचं क्षेत्रफळ जेमतेम २०० चौरस मिलिमीटर, म्हणजे ताण २७० मेगापास्कलच्या पुढे जातो. माइल्ड स्टील २५० ला दबायला लागतं. स्पेसर दबला की बोल्ट सैल होतो आणि गोळा स्पेसरवर सरकू लागतो. ईएन २४ हे जास्त मजबूत पोलाद घ्या.

सगळं जुळवल्यावर स्ट्रट मोकळा ठेवून आर्म हाताने पूर्ण खाली ते पूर्ण वर फिरवून बघा. कुठेही अडकता कामा नये. दोन्ही जागी बेअरिंग असेल तर आर्म आता स्वतःच्या वजनाने खाली पडेल, ते बरोबर आहे. रबराच्या पिळातून मिळणारा थोडा स्प्रिंगसारखा आधार गेलेला असतो. बेअरिंगचा बोल्ट लोंबकळत्या स्थितीत आवळला तरी चालतो, कारण तिथे पिळायला काही उरलेलं नाही. पुढे रबरच ठेवलं असेल तर त्याचा बोल्ट मात्र गाडी चाकांवर आल्यावरच आवळा. दोन्ही बाजू एकत्रच करा. अलाइनमेंट करताना हेही लक्षात ठेवा की कारखान्याचा 'टो'चा (वरून बघताना चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत त्याचा) आकडा रबर दबणार हे धरून ठरवलेला असतो. ते दबणं मागे बंद झाल्यावर तो आकडा तसाच बरोबर असेल असं नाही. शून्याजवळून सुरुवात करा आणि टायरची झीज बघत सुधारा.

बसवल्यावरही आवाज येत असेल तर

पहिल्या दिवसापासून टकटक असेल तर दोनच शक्यता आधी धरा: मोकळीक असलेलं बेअरिंग, किंवा सर्क्लिप आणि कड्यामध्ये राहिलेली फट. फट असेल तर कडं स्लीव्हमध्ये पुढे-मागे सरकतं. चाक हवेत असताना एकाने आर्म हलवावा आणि दुसऱ्याने बोट कड्याच्या आणि स्लीव्हच्या सांध्यावर ठेवावं. बोटाला जे कळतं ते कानाला कळत नाही.

आधी शांत होतं आणि काही आठवड्यांनी सुरू झालं, तर बोल्ट बघा. आवळल्यावर बोल्ट आणि कानावर रंगाची सरळ रेघ मारून ठेवलेली असेल तर क्षणात कळतं. रेघ तुटलेली असेल तर नुसतं पुन्हा आवळून गाडी देऊ नका. स्पेसर काढून त्याच्या तोंडावर खड्डा किंवा चमकदार घासलेली गोल खूण आहे का ते पाहा. असेल तर स्पेसर टाकून द्या. बोल्टही नवा घ्या.

फक्त एक चाक लोंबकळताना आवाज येत असेल तर कोन संपतोय. कड्याच्या धारेवर आणि स्पेसरच्या शंकूवर समोरासमोर घासल्याच्या खुणा मिळतील. यावर इलाज दुसऱ्या मालिकेचं बेअरिंग हाच आहे. स्पेसर घासून बारीक करायचा मोह होतो. त्याने आवळ धरणारं क्षेत्रफळ आणखी कमी होतं.

पावसाळ्यानंतर सुरू झालेला आवाज बहुतेक सीलचा असतो. कोकणातली तांबडी माती आणि घाटातली खडीची भुकटी पाण्याबरोबर सीलच्या ओठाखाली शिरते आणि अस्तर खाते. धुलाई केंद्रावरचा प्रेशरचा फवारा जवळून थेट बेअरिंगवर मारला तर हे काम तो आणखी झटपट करतो. वर रबरी बूट बसवता आलं तर बसवा. खराब झालेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस किंवा डब्ल्यूडी-४० मारून दोन दिवस शांतता मिळते, पण गेलेलं अस्तर परत येत नाही. तपासणी सोपी: चाक हवेत, टॉमी आर्म आणि सबफ्रेमच्या मध्ये, हलका जोर. रबरासारखं इथे 'थोडं हललं तर चालतं' असं नसतं. हाताला खेळ जाणवला की बेअरिंग बदला. सुरुवातीला साधारण ५०० किलोमीटरनंतर एकदा आणि मग दर ऑइल बदलाला हे बघा. ट्रॅकवर जात असाल तर जाण्याआधी आणि आल्यावरही.

गाडी रस्त्यावर चालवत असाल तर विमा कंपनीला बदल आधीच लेखी कळवा. दाव्याच्या वेळी सर्व्हेयरला लेथवरची स्लीव्ह दिसली आणि कागदावर तिचा पत्ता नसेल तर वाद तुमच्या खिशातून मिटतो.

आणि एकाच बाजूचं बेअरिंग लागोपाठ जात असेल तर तिसरं विकत घेऊ नका. त्या बाजूचा आर्म सुटा काढून दुसऱ्या बाजूच्या आर्मशेजारी सपाट फरशीवर ठेवा आणि बॉल जॉइंटपासून दोन्ही भोकांपर्यंतची अंतरं मोजा. मापं जुळली तर सबफ्रेमच्या कानांमधलं अंतर आणि त्यांची समांतरता बघा. वाकलेला कान नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण नवा बोल्ट दोन्ही कानांतून बोटाने ढकलून आरपार गेला नाही, तर कान वाकलेला आहे.